नंदाच्या कथेतली रुक्मिणी

बडनेरा स्टेशनवर गाडी सुटायला पाच मिनिटं होती, तेव्हा दादा पुलावरून धावत खाली आला. सुधीर पाणी आणायला गेला होता. आम्ही पुण्याला जाऊन लग्न करणार होतो. तो दुसऱ्या जातीचा, घरी विचारण्यात अर्थ नव्हता. दादानं हात उगारला नाही. खिडकीच्या गजांतून एवढंच म्हणाला, "जाय. पण बाबाच्या मौतीलेबी येऊ नको."

बाबा गेले ते मला तेरवी झाल्यावर कळलं.

गाडीची वेळ दोघींनाच ठाऊक होती. एक नंदा, माझी शाळेपासूनची मैत्रीण. दुसरी आई, निघताना तिच्या पाया पडले आणि सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. मग दादाला सांगितलं कोणी? पुण्याहून फोन केला तेव्हा नंदाच म्हणाली, "आईनंच सांगतलं असंन वं. घाबरली असंन." मी ते धरून बसले. एकोणीस वर्षं आईशी बोलले ते तब्येत, पाऊसपाणी, इतकंच.

मागच्या दिवाळीत नंदानं एक अंक पाठवला. तिची पहिली कथा छापून आली होती. नायिकेचं नाव रुक्मिणी. अमरावतीच्या मुलींना ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. रुक्मिणीनं स्वतः कृष्णाला पत्र धाडलं, आमच्याच अंबादेवीच्या दर्शनाला निघाली आणि तिथूनच त्याच्या रथात बसली. भाऊ रुक्मी मागे धावला. देवळाच्या पायरीवर बसून आम्ही दोघी म्हणायचो, आपल्या गावातून पळालेली पहिली पोरगी! ते नाव नंदानं मला दिलं, म्हणून मी सुखावले.

चौथ्या पानापर्यंत. पुराणात पत्र नेणारा ब्राह्मण इमानानं द्वारकेला पोचतो. नंदाच्या कथेत मात्र रुक्मिणीची मैत्रीण भरदुपारी तिच्या भावाच्या बियाण्याच्या दुकानात जाते आणि गाडीची वेळ सांगते. दुकान दादाचंच होतं, दारातल्या मोडक्या कूलरसकट.

मी फोन लावला.

"कथा हाये वं ते," नंदा म्हणाली.

"खरं सांग."

ती म्हणाली, "मले वाटलं, तो थांबवन तुले. तू गेल्यावर माह्यं कोन होतं इथं? म्हनून त देवीचं नाव देलं तुले."

मी फोन ठेवला. देवीचं नाव देऊन ती मोकळी झाली होती. कथेतल्या रुक्मिणीच्या आईला तर तिनं नावही दिलं नव्हतं. दोन ओळी रडते आणि संपते.

आई आता दादाकडे अकोल्यात असते. त्याच आठवड्यात गेले. दादानं दार उघडलं आणि बाजूला झाला. आई गवारीच्या शेंगा मोडत बसली होती.

"आई, मले वाटे, तूच सांगतलं दादाले."

"ठाऊक होतं मले."

"मंग बोलली काहून नाई?"

"फोन त करत होती ना तू. तेवढंबी बंद झालं असतं."

नंदाला मी पुन्हा फोन केलेला नाही. पुण्यातल्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे, ते घर माझंच. तरी महिन्यातून एकदा अकोल्याला जाते. त्या घरात मी कधी राहिले नाही. आईच्या गोळ्या कुठे असतात तेही वहिनीला विचारावं लागतं. मी येणार म्हणून आई भरली वांगी करते. घर सोडलं तेव्हा, बाविसाव्या वर्षी, मला वांगी फार आवडायची. आता वांगं सोसत नाही, हे तिला माहीत नाही. मी वाढून घेते आणि खाते.