पुठ्ठ्यावर मावेल एवढी गोष्ट

शर्टाच्या कारखान्यात तिला सगळे घडीबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. इस्त्री होऊन आलेला शर्ट टेबलावर पालथा घालायचा, पाठीवर पांढरा पुठ्ठा ठेवायचा, बाह्या दुमडायच्या, कॉलरखाली पट्टी सरकवायची, चार टाचण्या मारायच्या. एकवीस वर्षं तिने हेच केलं. हात कामात असले तरी तोंड मोकळं असायचं. कोण कुणाला काय बोललं हे ती दोन वाक्यांत असं सांगे, की टेबलाभोवतीच्या बायकांची हसून हसून पुरेवाट व्हायची.

"लिहीत का नाहीस गं?" कुणी म्हणायचं.

"आमच्या घरात लिहिण्याचं खातं अक्काकडे," ती म्हणायची आणि पुढचा शर्ट ओढायची.

अक्का तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, शाळेत भाषा शिकवणारी. तिच्या लाल शाईला मुलंच काय, मुख्याध्यापकही टरकून असत. घडीबाई सातवीत असताना तिने निबंध लिहिला होता, अकरा ओळींचा. पाहुणे बसलेले असताना अक्काने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "हा निबंध आहे की किराण्याची यादी?" सगळे हसले. धाकटीही हसली. मग आत जाऊन तिने ती वही चुलीत घातली. त्यानंतर तिने सहीपलीकडे काही लिहिलं नाही. अक्काला तो दिवस आठवतही नव्हता. हिला तारखेसकट पाठ होता.

त्या अक्काला रक्ताचा आजार झाला. उपचारांसाठी तिला काचेच्या खोलीत ठेवलं. आत फक्त डॉक्टर आणि सिस्टर, तेही डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले. बाहेरची वस्तू आत न्यायची नाही, कागदसुद्धा नाही. औषधांनी तोंड आतून सोलवटलं होतं, त्यामुळे बोलणं बंद. मोबाइलकडे पाहिलं की मळमळायचं. भाऊजी सकाळी येऊन काचेला कपाळ टेकून उभे राहत आणि डोळे पुसत परत जात. पहिली पाळी सुटली की चार वाजता घडीबाई यायची.

तिने कारखान्यातला टाकाऊ पुठ्ठा घेतला आणि जाड पेनने त्यावर लिहिलं : कशी आहेस? तो काचेला लावला. अक्काने हात हलवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी अक्काने कपाळावर हात मारला आणि बोटं नाचवून खूण केली : दुसरं काहीतरी सांग ना!

घडीबाईला घाम फुटला. पण चार दिवसांत पहिल्यांदाच अक्काच्या डोळ्यांत थोडी धग दिसली होती. ती बाहेरच्या बाकावर बसली. पुठ्ठा केवढा, तर शर्टाच्या पाठीएवढा. अक्षर मोठं हवं, कारण अक्काला लांबून वाचायचं. म्हणजे फार तर पाच ओळी. दिवसभर हातांखालून गेलेलं जे होतं तेच तिने लिहिलं :

"शर्टाला सहा बटणं लावली. सातवं जादाचं म्हणून आतल्या बाजूला शिवलं. ते आयुष्यभर वाट पाहत राहिलं, कुणीतरी तुटावं म्हणून. त्याला त्याचं फार वाईट वाटायचं."

अक्काने वाचलं. पुन्हा वाचलं. मग दोन बोटांची कात्री करून हवेत चालवली आणि शेवटच्या ओळीकडे बोट दाखवलं. काप.

'आजारी पडली तरी खोड जात नाही हिची,' असं म्हणत घडीबाईने शेवटची ओळ काळी केली आणि पुठ्ठा परत काचेला लावला. वाचताना तिचंच अंग शहारलं. आत अक्का दोन्ही हातांनी, आवाज न करता, टाळ्या वाजवत होती. घडीबाई पुठ्ठ्याआड तोंड लपवून रडली.

मग तिला नादच लागला. टाचण्या मारता मारता गोष्टी सुचू लागल्या. इस्त्रीवाल्याची, तीन वेळा निवृत्त झालेल्या पहारेकऱ्याची, कारखान्याच्या भोंग्याला घाबरणाऱ्या कुत्र्याची. कधी अक्का कात्री चालवायची, कधी नाक मुरडायची. एकदा तर पाठ फिरवून झोपूनच गेली. घडीबाई घरी जाऊन तणतणली आणि दुसऱ्या दिवशी त्याहून बरी गोष्ट घेऊन आली.

अडतिसाव्या दिवशी तिने लिहिलं : "दोघी बहिणींत एकच छत्री होती. भांडण मिटलं तेव्हा पाऊस थांबला होता."

अक्का बराच वेळ पाहत राहिली. कात्री नाही, टाळ्या नाहीत. तिने उठायचा प्रयत्न केला, सिस्टरने तिला परत आडवं केलं. घडीबाईला वाटलं, आपण नको ते लिहिलं. उद्या तिला हसवायचं, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिला पर्यवेक्षकांच्या खोलीत फोनवर बोलावलं. पलीकडे भाऊजी होते. ते नुसते "अगं... अगं..." एवढंच म्हणत राहिले. ती टेबलाशी परत आली, हातातल्या अर्धवट शर्टाची घडी पुरी केली, चारही टाचण्या मारल्या आणि मग मटकन खाली बसली.

सगळं आटोपल्यावर ती अक्काचे रिपोर्ट आणायला इस्पितळात गेली. तोंडावरचा मास्क खाली घेतलेली सिस्टर तिला पहिल्यांदाच दिसली. कोवळ्या वयाची पोर होती.

"लेखिका ना तुम्ही?"

"मी? नाही हो. लिहायच्या त्या अक्का."

"त्याच म्हणायच्या. बोलता यायचं नाही, पण आमच्या छोट्या पाटीवर बारीक अक्षरात तुमची गोष्ट रोज लिहून दाखवायच्या. पाळी बदलली की नव्या सिस्टरला परत. खाली लिहायच्या, 'माझी धाकटी. मला हे कधी जमलं नाही.'"

"हे मला का नाही कुणी सांगितलं?" घडीबाईचा आवाज चिरकला.

"त्याच नको म्हणाल्या. डोक्यात हवा जाईल म्हणे."

घडीबाई हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. ती पोर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पाच महिने तिने पेनाला हात लावला नाही. चार वाजले की पाय इस्पितळाच्या रस्त्याला वळत, मग ती बळेच घराकडे वळायची. शेवटी एका रविवारी तिने सगळे पुठ्ठे जमिनीवर मांडले, त्यांतल्या तीन गोष्टी कागदावर उतरवल्या आणि साप्ताहिकाला पाठवल्या. दोन परत आल्या. छत्रीची गोष्ट छापून आली, एका कोपऱ्यात, खाली तिचं पूर्ण नाव.

कारखान्यात तो अंक हातोहात फिरला. बायकांनी तिच्याकडून गोष्ट मोठ्याने वाचून घेतली. तिनेही ती न अडखळता वाचली. पण संध्याकाळी तो कोपरा दाखवावा असं माणूस कोण राहिलं होतं? ती भाऊजींकडे गेली. त्यांनी चष्मा शोधला, वाचलं आणि अंक तिच्याकडे परत दिला.

"तिनं वाचली होती का ही?"

"हो. शेवटची हीच."

"मग काय म्हणाली?"

"काही नाही, भाऊजी. उठायला बघत होती."

भाऊजींनी मान हलवली. मग ते म्हणाले, "पुढची लिहिलीस की आणत जा. मला काही कळत नाही त्यातलं. पण आणत जा."

ती दर रविवारी जाते. भाऊजी ऐकतात, "छान आहे" म्हणतात. प्रत्येक गोष्टीला म्हणतात.