हलगीच्या कड्यावरचा माठ

भिंगारचा भीमराज आयुष्यात फार थोडं खोटं बोलला, आणि जे बोलला ते सगळं एकाच आठवड्यात. पण ते सांगायच्या आधी त्याच्या घरातला माठ सांगायला हवा.

घरात शिरलं की उजव्या हाताला माठ. त्याच्या खाली तिवई नाही, एक लोखंडी कडं. ते कडं हलगीचं. भीमराजचे वडील सहादेव श्रीगोंदा तालुक्यातल्या आपल्या गावात हलगी वाजवत. कुणाचं लग्न निघो, कुणाची मयत निघो, सहादेवला हाक. ऐकणारे ओट्यावर सावलीत बसायचे, वाजवणारा उन्हात उभा, आणि शेवटी भाकरी वरून पदरात पडायची. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी सहादेवनं हलगीचं कातडं फाडून चुलीत घातलं आणि कडं बायकोपुढं टाकलं.

"ह्याच्यावर घागर ठेव. ह्या घरातलं कुनी आता दुसऱ्याम्होरं वाजवनार न्हाई."

भीमराज तेव्हा रांगत होता. पुढं त्याला भिंगारला मिलिटरीच्या गाड्या दुरुस्त करतात तिथं वेल्डरची नोकरी लागली, तेव्हा आईनं संसाराच्या भांड्यांबरोबर ते कडंही बांधून दिलं. माणूस सरळ, कामाला चोख, पण एक खोड होती. कुणाची वरात निघाली, बँड लागला, की हा दोन्ही हात खिशात घालून उभा. लोखंड ठोकताना हातोडी आपोआप तालात पडायला लागली की दचकून थांबायचा. सोबतचे म्हणायचे, "अरे ठोक की, बरं वाटत होतं!" हा नुसता हसायचा. हातात काहीतरी होतं, आणि ते हातातच ठेवून त्यानं चाळिशी ओलांडली.

ते बाहेर आलं त्याच्या लेकीच्या, शुभांगीच्या हातातून. लहानपणी पिठाच्या डब्यावर, मग बाकावर. कॉलेजात गेली आणि शेजारच्या चर्चमधल्या एलिया सरांनी तिला ड्रमसेटवर बसवलं. आई जयमालाला माहीत, बापाला माहीत. गावाकडच्या आजोबांना कुणी कळू दिलं नाही.

सत्त्याण्णवच्या नाताळात भिंगारच्या मैदानात मोठा रॉक शो ठरला. पुण्याहून नावाजलेला बँड येणार, आणि त्यांच्या आधी एलिया सरांच्या पोरांनी वाजवायचं. नेमके त्याच महिन्यात सहादेव मोतीबिंदू काढायला लेकाकडं आलेले. शुभांगीनं बापाला गाठलं.

"पप्पा, आजोबांना सांगा. ते नको म्हणाले तर मी काठ्या सरांना परत देईन. कायमच्या. पण चोरून नाही वाजवणार."

भीमराज अंगणात गेला. म्हातारा उन्हात बसला होता, डोळ्याला हिरवी पट्टी.

"दादा, ते... आपली शुभांगी नाताळात... गानार हाय. मैदानात."

"गाऊ दे की! त्यात काय इचारायचं?"

भीमराज आत आला आणि लेकीला म्हणाला, "सांगितलं. हो म्हणाले."

पोरगी आनंदानं उडाली. भीमराजचा हिशेब असा, की डोळ्याचं ऑपरेशन, त्यात डिसेंबरची थंडी, म्हातारा काही घराबाहेर पडत नाही. पण नाताळाच्या आधी पट्टी सुटली आणि सहादेवांना रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी दिसायला लागली.

"म्या येनार. नात गाती आन् मी हितं माठ बघत बसू व्हय?"

"दादा, लई आवाज असतो. धूर सोडत्यात. डोळ्याला बाधंल."

"डाक्टरनं डोळ्याला पानी लावू नको सांगितलंय. गानं ऐकू नको न्हाई सांगितलं."

जयमालानं नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, अजून सांगा. वेळ गेली नाही."

"सांगतो," भीमराज म्हणाला. आणि वाटेत सांगतो, मैदानात सांगतो करत राहिला.

मैदान सांजवेळेलाच फुललं होतं. स्टेजच्या दोन्ही अंगांना माणसाहून उंच काळे खोके रचलेले. तांबडे, निळे झोत आभाळात फिरत होते, वर कागदाचे तारे, आणि स्टेजवरून पांढरा धूर लोकांच्या अंगावर येत होता. भीमराजनं बापाला मुद्दाम मागच्या खुर्चीवर बसवलं.

"हितनं बरं दिसतंय," सहादेव खूष. "समदं लख्ख!"

भीमराज सारखा बापाच्या हातातल्या काठीकडं बघायचा. ती टेकवून म्हातारा उठला की संपलं. शुभांगीला वरून दिसणार, आजोबा चालले. मग पोरगी काठ्या ठेवणार, आणि पुन्हा उचलणार नाही. बापावर गेलेली, शब्दाला पक्की.

पडदा सरकला. मधोमध उंच चौथऱ्यावर ड्रम, त्यामागं शुभांगी. तिनं काठ्या एकमेकींवर आपटल्या आणि असा दणका उठला की खुर्च्या थरथरल्या. पुढची पोरं उड्या मारायला लागली.

सहादेवांनी एक गाणं मान पुढं करून बघितलं. मग लेकाच्या कानाशी आले.

"भीम्या, गानार म्हनला हुतास ना?"

"व्हय दादा."

"मग तोंड कुठं उघडतीया ती?"

म्हाताऱ्यानं काठी टेकवली. उठला.

"दादा, बसा! पाया पडतो, बसा!"

सहादेव ऐकेनात. पण ते बाहेरच्या वाटेकडं वळले नाहीत. ते निघाले स्टेजकडं. उड्या मारणाऱ्या पोरांतून, कोपर लागतंय, काठी अडकतेय, आणि मागनं भीमराज "माफ करा, म्हातारं माणूस" करत. बांबूच्या कठड्याशी म्हातारा थांबला. मान वर करून नातीकडं बघितलं, मग मागं वळून सगळ्या मैदानाकडं. पुढचा एकही माणूस खुर्चीवर उरला नव्हता.

"भीम्या," ते ओरडून म्हणाले, "ती बसलीया!"

"काय?"

"पोरगी वर बसलीया आन् समदी उभी हायती! साहेब लोकंबी उभं!"

भीमराजनं तेव्हा कुठं बघितलं. खरंच की.

म्हातारा कठडा धरून शेवटपर्यंत तिथंच राहिला. शुभांगीनं एकदा खाली बघितलं, आजोबा दिसले, आणि त्यानंतर तिनं असं वाजवलं, की पुण्याची पोरं पडद्याआडनं बाहेर येऊन बघायला लागली. भीमराजचे हात खिशातच होते. पण आत बोटं चालली होती.

कार्यक्रमानंतर पोरगी धावत आली, घामानं चिंब. "जय भीम, आजोबा! पप्पांनी सांगितलं तेव्हा तुम्ही खरंच रागावला नाहीत?"

भीमराजनं डोळे मिटले. आता पडलं उघडं.

सहादेवांनी लेकाकडं नीट, नव्या डोळ्यानं बघून घेतलं.

"सांगितलं की," ते म्हणाले. "दोनदा सांगितलं ह्यानं. शुभे, त्येचं कातडं हलगीवानी जाळावर शेकावं लागत न्हाई व्हय गं?"

"नाही आजोबा. प्लास्टिकचं असतं ते."

"असं. मग ऐक. बसून हाय तवर वाजव. कुनाच्या म्होरं उभं राहून वाजवायची येळ आली, की काठ्या सरांच्या हातात."

"हो आजोबा."

ती मैत्रिणींकडं पळाली. बापलेक घराकडं निघाले. बाजारपेठ ओलांडल्यावर भीमराज थांबला.

"दादा, माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं. मी गावाला जाईस्तवर माठ तू भरायचा. जयमालानं हात लावायचा न्हाई. आन् भरताना त्या कड्याकडं बघायचं."

सहादेव होळी होईस्तोवर गावाला गेले नाहीत. भीमराज रोज पहाटे नळावर.