मधली जागा

माझी सून मुग्धा जपानी मुलींच्या गाण्यांची वेडी आहे. काल तिने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. एकसारखे फ्रॉक घातलेल्या दहाबारा मुली नाचत होत्या. त्यांतली मधली मुलगी आता गट सोडणार, हे तिचं शेवटचं गाणं, एवढं मुग्धाने सांगितलं. "बाहुल्या नुसत्या!" असं मी म्हणणार, तोच बघते तर मधे दुसरीच मुलगी. पहिली गेली कधी?

मी पुन्हा लावायला सांगितलं. प्रत्येक कडव्याला ती नाचता नाचता पाऊलभर मागे सरकत होती, गिरकी घेत मागचीला वाट देत होती. शेवटी पार मागच्या रांगेत उभी राहून हसत हसत टाळ्यांचा ठेका धरत होती. संध्याकाळी आपण अंगणातच असतो, तरी उजेड नेमका कधी गेला ते सांगता येत नाही, तसं तिचं जाणं.

मला ओशाळल्यासारखं झालं. आमच्या मंगळागौरीच्या गटात मधली जागा माझी. गुडघ्यांना पट्टे बांधते, पण जागा सोडत नाही.

"आपला गेल्या श्रावणातला लाव गं," मी म्हटलं.

पडदाभर मीच होते. माझ्या पाठीमागे हिरव्या बांगड्यांचे दोन हात तेवढे दिसत होते. फार सुरेख फिरत होते. चेहरा एकदाही दिसला नाही.

"हे हात कुणाचे गं?"

"अहो आई, माझेच ते," मुग्धा हसत म्हणाली.

मागच्या रांगेतली ती जपानी मुलगीही अशीच हसत होती. पण ती आधी मधे नाचून गेली होती.