अक्षतांच्या यादीवरून घर

लोक उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला जातात, आम्ही घर बघायला निघालो होतो. गिरणी बंद पडल्यामुळे कंपनीचं क्वार्टर चार महिन्यांत सोडायचं होतं. त्यात नागपूरच्या डॉक्टरांनी ह्यांच्या हृदयाबद्दल जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं. ऑपरेशन झेपणार नाही, औषधांवर निघतील तितके दिवस. आम्हाला मूलबाळ नाही. तेव्हा ह्यांनी मनाशी ठरवलं की घर आपल्या जन्मगावीच घ्यायचं. "मी गेल्यावर तुला दारातून हाक मारणारं कोणीतरी हवं," असं ते भोपाळला गाडी बदलताना म्हणाले, आणि तेही माझी हमालाशी घासाघीस चालू असताना. "आधी बॅग कुठे चाललीय ते बघा," मी म्हटलं. मी दुसरं काही बोलले असते तर तिथेच रडू फुटलं असतं.

उज्जैनला उतरलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. स्टेशनसमोरच्या लॉजवर सामान टाकलं आणि चौकात पोहे खाल्ले. तिथले पोहे वाफेवरचे असतात, वर मूठभर शेव आणि जीरावन (चिमटीने भुरभुरायचा तिखट-आंबट मसाला). ह्यांना तिखट-मीठ बंद होतं, पण जन्मगावच्या पोह्यांना पथ्य लागत नाही म्हणे. पोहे संपल्यावर त्यांनी खिशातून घडीचे कागद काढले आणि मी कपाळाला हात लावला.

ती माझ्या नणंदेच्या लग्नातली अक्षतांची यादी होती, तीस वर्षांपूर्वीची, सासूबाईंच्या हातची. तिकडे लग्नाच्या पहिल्या अक्षता चिंतामण गणपतीला देतात आणि मग घरोघर फिरतात. म्हणून यादी गल्लीवार होती, एकामागून एक दार. ज्यांना अख्ख्या घरादाराला बोलावणं, त्यांच्या नावापुढे सासूबाईंनी कुंकवाचं बोट लावलं होतं. नणंद गेली, सासूबाई गेल्या, ह्यांनी यादी मात्र सांभाळून ठेवली होती. ह्यांचा हिशेब सरळ होता, ज्या मोहल्ल्यात जास्त बोटं तिथे घर. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. आमच्या ह्यांनी घर पाहायला लग्नाचीच यादी काढली.

फ्रीगंज मोहल्ल्यात सगळ्यात जास्त, अकरा बोटं होती. पहिल्या दारावर साडी सेंटर, दुसऱ्यावर कुलूप, तिसऱ्या घरी कसल्याशा फायनान्स कंपनीचं ऑफिस. साडीवाल्याने गादीवरूनच सांगितलं, "वो मराठी लोग? वो तो कब के पूना चले गए. साड़ी दिखाऊँ, माताजी?" हे प्रत्येक दारापाशी थांबून यादीतलं नाव मोठ्याने वाचत, जणू हाक मारली की कोणी आतून येईल. अकरापैकी एकाच दारात ओळख लागली, कमलताईंच्या, पण त्या इंदूरला दवाखान्यात गेल्या होत्या, परवा येतील असं खालच्या दुकानदाराने सांगितलं. माझी टाच सोलवटली होती. वैतागून मी म्हटलं, "उद्या यादी लॉजवर ठेवा आणि घरं बघू." त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दलालाने आम्हाला माधव नगरात लेल्यांकडे नेलं. लेले बँकेतून निवृत्त झालेले, बदलीवर उज्जैनला आले आणि तिथलेच झाले. घरभर खोकी बांधलेली होती. "मुलगा पुण्यात कॉम्प्युटरमध्ये लागला. आता आम्ही दोघं इथे काय करून राहिलो, बोला?" ते म्हणाले. "तुम्हाला माहीत असेल, कोथरूडला घ्यावं की सिंहगड रोडला?" आम्ही त्यांच्या गावात शिरायची वाट शोधत होतो आणि ते आम्हालाच बाहेर पडायची वाट विचारत होते.

घर मात्र मला पाहताक्षणी आवडलं. पुढे पेरू, मागे धुण्याचा दगड, भरदुपारी दिवा न लावता सुईत दोरा ओवता येईल असा उजेड. आम्हाला झेपेल असंही होतं. हे गच्ची बघायला वर गेले आणि उतरताना चौथ्या पायरीवर बसले. ओठ निळे पडले. मी नुसती पर्समध्ये गोळी शोधत होते, हाताला सापडेना. तेवढ्यात शेजारची बाई कंपाउंडच्या ठेंगण्या भिंतीवरून सरळ अलीकडे आली, हातात पाण्याचा लोटा. तिने ह्यांच्या शर्टाचं वरचं बटण काढलं, पदराने वारा घातला, माझ्या पर्समधून गोळी काढून जिभेखाली ठेवली. "धीरे, बाबूजी, घूँट-घूँट," म्हणत पाणी पाजलं. ह्यांचा चेहरा निवळल्यावर मला म्हणाली, "ले लो ये घर, माताजी. रात-बिरात कुछ हो जाए तो दीवार पर से आवाज़ दे देना. हम हैं ना."

माझं हिंदी म्हणजे दिव्यच. "बहुत उपकार किया," एवढंच मला म्हणता आलं. ती हसली आणि भिंतीवरून परत गेली, गॅसवर तिची डाळ होती.

बाहेर रस्त्यावर आल्यावर ह्यांनी खिशातून यादी काढली. लॉजवर ठेवलीच नव्हती. "माधव नगरात एकही बोट नाही. इथे आपलं कोणी नाही."

"आपलं म्हणजे कोण? ती पाणी पाजून गेली ती कोण?"

"ती चांगली आहे गं. पण उद्या तुला आजारपण आलं, सणवार आला, तर तू कोणाच्या दारात जाशील?"

मी भांडणार होते. पण पुन्हा ओठांचा रंग बदलेल म्हणून गप्प बसले. लेल्यांना हो नाही आणि नाहीही नाही, असे तिथून निघालो. आयुष्यभर ज्या तोंडाळपणाबद्दल मी बोलणी खाल्ली, तो त्याच दिवशी कुठे गेला होता कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी दलालाने गावाबाहेरची नवी कॉलनी दाखवली. कॉलनी म्हणजे एक उंच कमान, तिच्यावर भारदस्त नाव आणि आत सोयाबीनच्या खुंटांमधून मारलेल्या चुन्याच्या रेघा. "यहाँ सब आएगा, साहब, सड़क, नल, स्कूल," तो म्हणाला. आमच्याकडे तेवढी वाट बघायला वेळ नव्हता. परतीच्या टेम्पोत हे यादीकडे न बघता बाहेर बघत होते.

चौथ्या दिवशी टावर चौकात साबुदाण्याची खिचडी खाऊन कमलताईंकडे गेलो. ऐंशीच्या पुढच्या, खाली दुकान, वर दोन खोल्यांत एकट्या. ह्यांना बघून त्यांनी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड कुरवाळलं. "अरे, तू तर किती दुबळा झालास! बस, चाय टाकते." ह्यांनी यादी उघडली आणि एकेक नाव वाचलं. कमलताई चहा ढवळत उत्तरं देत होत्या. "पुण्याला. ते तर वारले. तेही पुण्याला. त्यांचं मला माहीत नाही पडलं." शेवटचं नाव झालं तेव्हा हे म्हणाले, "तुमच्या शेजारी एखादं घर मिळेल का? माझ्यामागे हिच्याकडे लक्ष ठेवाल?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि माझा हात घट्ट धरला. "मलाच मुलगा पुढच्या महिन्यात त्याच्याकडे घेऊन जाऊन राहिला आहे. मला तिथे नाही जायचं गं. तुम्ही इथे घर घेता ना? मग मी त्याला बोलते, की माझं बघायला ही आहे. तू ये ना. मी तुला बिलकुल त्रास नाही देणार."

ह्यांना माझ्यासाठी जे मागायचं होतं, तेच त्या माझ्याकडे मागत होत्या. आम्ही दोघांनी खोटंच म्हटलं, बघतो, कळवतो. जिना उतरताना हे प्रत्येक पायरीवर थांबले, आणि ते फक्त हृदयामुळे नव्हतं.

पाचव्या दिवशी महाकालाचं दर्शन झालं. मी काही मागितलं नाही.

परतीच्या गाडीत भोपाळ गेल्यावर हे अचानक म्हणाले, "ती पाणी देणारी बाई, तिचं नाव काय?"

"आपण विचारलं कुठे?"

साठ-पासष्ट नावं तोंडपाठ करून आम्ही ते गाव पालथं घातलं होतं, आणि जिने ह्यांचा जीव वाचवला तिचं नाव दोघांनाही विचारावंसं वाटलं नव्हतं. मला माझी भयंकर लाज वाटली. मग हे म्हणाले, "तेच घर घेऊ. पोचल्याबरोबर लेल्यांना फोन कर." कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज इतका मोकळा झाला नव्हता. इटारसीला त्यांनी केळी घेतली आणि पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे बेत केले.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आमच्या गिरणीच्या कॉलनीच्या फाटकाजवळच्या एसटीडी बूथवर गेले. हे बाहेर बाकावर बसले. लेले लगेच फोनवर आले. "अरे वहिनी, परवाच बयाना (विसार) घेऊन टाकला. तुम्ही तर काहीच बोलून गेला नाहीत."

मी रिसीव्हर ठेवला. काचेतून हे दिसत होते, माझ्याकडेच बघत होते, हसत. प्रवासातून माणूस काहीतरी घेऊन येतो म्हणतात. आमच्या हातात एक घर आलं होतं आणि माझ्या एका दिवसाच्या गप्प बसण्याने ते गेलं होतं. ह्यांना ते कोणत्या तोंडाने सांगायचं?

मी बाहेर आले. "ठरलं," मी म्हटलं. "घर आपलं."

"आणि त्या बाईंचं नाव विचारलंस?"

मी तोंडाला आलं ते नाव सांगितलं. सुशीलाबाई.

"चांगलं नाव आहे," हे म्हणाले, आणि हाक मारून बघावी तसं ते दोनदा हळूच म्हणून पाहिलं.