जुन्या सर्व्हरची खंडेनवमी

कारखान्याच्या ऊसनोंद विभागातला जुना सर्व्हर काढायचं ठरलं, तेव्हा मी चौदा कामांची यादी केली. जुन्यातलं सगळं जसंच्या तसं नव्या मोठ्या सर्व्हरच्या आत व्हर्च्युअल मशीन होऊन चालेल, असं बाहेरून आलेल्या इंजिनिअरने सांगितलं. माणूस फार गोड बोलायचा. तेव्हाच मी ठरवलं, याच्या प्रत्येक कामावर टिक आपल्या हाताने करायची.

आमच्याकडे नोंदीच्या क्रमाने तोड लागते. क्रम मागे गेला की ऊस रानात वाळतो.

काम उरकलं, दसऱ्याची सुट्टी झाली, नोंदणी पुन्हा सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी चकलांब्याकडचा एक शेतकरी आदल्या दिवशीची पावती घेऊन आला. क्रमांक दोनशे बारा. माझ्या पडद्यावर दोनशे बारावर एका बड्या बागायतदाराचं नाव होतं. त्यांचे चुलते संचालक.

"माझ्या नंबरवर ह्यांचं नाव कावून आलं, मॅडम?"

"बघते."

"बघणारे बी तुमीच, लिहिणारे बी तुमीच."

मी इंजिनिअरला फोन लावला. "नक्कल तंतोतंत आहे, मॅडम," तो म्हणाला. दोन नंबरच्या खिडकीवरच्या कारकुनाला विचारलं, कारण बागायतदारांची नोंद त्याने घेतली होती. "नंबर मशीन देतं, मी न्हाई," म्हणाला आणि चहाला गेला. मला दोघांचंही पटलं नाही.

सर्व्हरच्या खोलीत गेले. जुन्या खोक्यावर हळदकुंकू, झेंडूची माळ. हात ठेवला तर खोकं गरम.

शिपाईमामा दारातच होते. "खंडेनवमीला मीच चालू केलतं. बंद मशीनची कुठं पूजा करत्यात व्हय?"

पूजेनंतर ते बंद करायचं राहून गेलं होतं. एकाच नावाची, एकाच नेटवर्क पत्त्याची दोन मशीन खंडेनवमीपासून चालू होती. कालपासून एक नंबरची खिडकी जुन्याशी बोलत होती, दोन नंबरची नव्याशी, आणि दोन्ही मशीन आपापल्या मोजणीने क्रमांक देत होती.

पण मग जुन्याची नेटवर्क केबल? यादीतलं अकरावं काम. पुढे माझीच हिरवी टिक. इंजिनिअर "काढतो" म्हणाला होता आणि मी त्याच्या हाताकडे न बघता बारावं काम वाचत होते. केबल जागेवरच होती. ती मी उपटली.

दोन्ही मशीनमधल्या पावत्या वेळेप्रमाणे लावल्या. शेतकऱ्याची पावती वीस मिनिटं आधीची निघाली. सुट्टीआधी नोंद दोनशे अकरापर्यंत झाली होती, म्हणजे दोनशे बारा त्याचाच. बागायतदारांना फोन मीच केला. ते शांतपणे "बघतो" म्हणाले. तो शांतपणा मला आवडला नाही.

झालेला घोळ सांगितला, तेव्हा शेतकऱ्याने पडद्याचा फोटो काढला. "एकाची दोन मशीन झाली. तिसरं न्हाई कशावरून?"

"नाही."

"तुमची यादी दावा."

दाखवली. अकराव्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. तिथली टिक मी नुकतीच लाल पेनने खोडली होती. त्याने तिचाही फोटो काढला.

"तोड येईस्तोवर ठिवतो," म्हणाला.