डोहात उतरलेले सर

सर गेले त्याला आता पाऊण वर्ष झालं. शोकसभेत सगळे त्यांच्या धैर्याबद्दल बोलले. मी गप्प बसले. ते धैर्य मी पाहिलं होतं, पण एका दगडाआड दडून.

कडावजवळच्या आमच्या शाळेत सर विज्ञान शिकवायचे, मी मराठी. सुट्टीच्या दिवशी ते डोंगराकडच्या ओढ्यांतल्या माशांच्या नोंदी घेत. त्यांचं अक्षर किरटं, म्हणून लिहायला मला नेत. एप्रिलात ओढा आटून एकच डोह उरायचा आणि वरखालचे सगळे मासे त्यात गोळा व्हायचे. हातभर लांबीचे खडस मासेसुद्धा. "मॅडम, हे पुढच्या सालचं बियाणं," सर म्हणायचे.

अशाच एका एप्रिलातल्या रविवारी आम्ही पोचलो तर चार माणसं काठावर उभी होती. एकाच्या हातात सुरुंगाची कांडी, खाणीत दगड फोडायला वापरतात तसली; पाण्यात उडवली की सगळे मासे एकदम मरून वर येतात.

"मास्तर, लांब व्हा. पेटवतोय."

सरांनी चष्मा माझ्या हातात दिला आणि कपड्यांसकट पाण्यात शिरले. छातीभर पाण्यात जाऊन वळले.

"आता टाका."

"येडा झाला काय रं ह्यो?" एक जण ओरडला. कांडीवाला झिंगलेला होता. त्याने हसत काडी ओढली. वात चुरचुरली तशी मी पळून एका दगडाआड दडले. सरांना हाक मारायचंही सुचलं नाही. त्यांच्या बायकोला काय सांगायचं, एवढंच डोक्यात.

जमीन हादरली. माझ्या पाठीवर खडी पडली. बराच वेळ कानात नुसती शिट्टी वाजत होती.

डोकं वर काढलं तेव्हा सर पाण्यातच उभे होते. त्या माणसांतल्याच कुणीतरी ऐन वेळी कांडी हिसकावून पलीकडच्या खडकात भिरकावली होती. माणसं पळून गेली होती. सर बाहेर आले, पण दोनदा प्रयत्न करूनही त्यांना चष्मा घालता येईना. मीच घातला.

"मला पोहता येत नाही हो," ते म्हणाले.

पोलिसांत द्यायच्या अर्जावर त्यांनी साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं. दोन दिवसांनी शाळेच्या फाटकाशी एक मोटरसायकल थांबली. तोंडाला रुमाल बांधलेला माणूस म्हणाला, "म्याडम, घर कुठं हाय तुमचं? लेक एकटीच असते नाय दुपारची?"

मधल्या सुट्टीत मी सरांना गाठलं. "माझं नाव काढा, सर."

त्यांनी कारण न विचारताच अर्ज नव्याने लिहिला, आपल्या एकट्याच्या सहीने दिला. सरांच्या सांगण्यावरून उन्हाळाभर जवळच्या वाडीतल्या बायका आळीपाळीने डोहावर पहाऱ्याला बसल्या आणि पुन्हा तिथे सुरुंग उडाला नाही. सर रोज जायचे. मला पुन्हा कधी चला म्हणाले नाहीत, आणि मीही येते म्हटलं नाही.