पयलो शब्द देवाक

पेडण्याकडच्या आमच्या गावात देवळात गाऱ्हाणं घालायचा मान शेजारच्या काकांचा. पुढ्यात नारळ ठेवून ते गावाचं सुखदुःख देवाला सांगायचे आणि प्रत्येक वाक्याला आम्ही "व्हय म्हाराजा!" म्हणायचो. घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला. त्यांचा पुतण्या तो मान घ्यायला तयारच होता. मान एकदा दुसऱ्याकडे गेला की परत येत नाही, हे काकांना पक्कं ठाऊक.

इथे मी शहाणा पुढे सरसावलो. मी जवळच्या तुये गावातल्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो आणि फावल्या वेळात ओपन सोर्स प्रोग्रामची पॅकेजं बांधतो, म्हणजे कुणालाही ते एका फटक्यात बसवता यावेत. टाइप केलेलं मराठी बोलून दाखवणारा एक प्रोग्राम होता. त्याचं पॅकेज बांधलं, सोबत काय काय लागतं त्याची यादी लिहिली. माझ्या मशीनवर गडी खणखणीत बोलला.

"आधीच रेकॉर्ड करून ठेवूया, काका."

काकांनी पाटीवर लिहिलं, "देवाक शिळा सांगूचा?"

खरंच होतं. कुणाच्या घरी काय दुखणं, ते गाऱ्हाण्याच्या सकाळीच कळायचं.

त्यांच्या नव्या लॅपटॉपवर पॅकेज बसवलं. कुरकुर नाही, काही नाही. तो बोलतो का बघायला गेलो, तर काकांनी माझं बोट धरलं. पाटी वर आली: "पयलो शब्द देवाक." मी भक्तिभावानं हात मागे घेतला. खोटं कशाला बोलू, आळसानं घेतला. माझ्याकडे चालतंय ना, मग झालं!

सकाळी देवळात काकांनी टाइप केलं, बटण दाबलं. शांतता. पुन्हा दाबलं. पडद्यावर एक ओळ उमटली: उच्चार ठरवणारी लायब्ररी सापडत नाही. ही लायब्ररी म्हणजे प्रोग्रामला लागणारा जोडीचा तुकडा; माझ्या मशीनवर ती कधीतरी दुसऱ्याच प्रोग्रामबरोबर येऊन बसली होती, म्हणून यादीत लिहायची राहिली. बसवताना तिची गरज पडत नाही. तोंड उघडताना पडते.

ती उतरवून घ्यायची तर देवळाकडे रेंज नाही. मी फोन उंच धरून पायऱ्यांवर माकडासारखा नाचत होतो.

"काय रे, तुझ्या मशीनान मौन धरला काय?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला. काका हसले नाहीत. त्यांनी नारळ उचलून पुतण्यासमोर ठेवला.

घरी येऊन मी दहा मिनिटांत दुरुस्ती केली. यादीत एक ओळ वाढवली, बस्स. पुढे ते पॅकेज वापरणाऱ्या कुठल्याशा परक्या माणसानं आभार मानले: आता चालतंय म्हणे.

त्याच दुपारी काकांकडे गेलो, लायब्ररी बसवली. "काका, आता बोलतो तो."

त्यांनी पाटी पुसली, सावकाश लिहिलं, "आता कोणाकडे बोलतलो?"

पुढच्या गाऱ्हाण्याला ते मागच्या रांगेत, माझ्या बाजूला उभे होते. पुतण्याचं वाक्य संपलं तसे काकांचे ओठ हलले. मी जरा जोरानंच "व्हय म्हाराजा!" ओरडलो, दोघांच्या वाटचं.